घर आपलंच समजा

माझ्या आवाजात घरमालक होण्यासारखं काही नाही, हे मला आधीपासून माहीत होतं. दुकानात मी "जरा साबण देता का?" म्हटलं, की दुकानदार माझ्या मागे उभ्या असलेल्या माणसाला "बोला" म्हणतो. जन्मभर मी एका छापखान्यात मुद्रितशोधक होतो. मुद्रितशोधक म्हणजे दुसऱ्याच्या चुका समासात, तांबड्या शाईने, आवाज न करता दाखवणारा माणूस. समासात राहायची सवय लागली की पानाच्या मधोमध उभं राहणं जड जातं. आणि घरमालकाला तर मधोमधच उभं राहावं लागतं.

घर दुमजली आहे. खाली मी आणि माझी पुस्तकं. वर कोणीच नाही, आणि तोच वादाचा मुद्दा झाला. एका दुपारी वरच्या न्हाणीघरातला नळ फुटला. मी खाली वाचत बसलो होतो. पुस्तकात नेमका त्या वेळी नदीला पूर आला होता, त्यामुळे पाण्याचा आवाज मला प्रसंगाला धरूनच वाटला. उलट लेखकाचं कौतुकच वाटलं. छतातून पहिला थेंब पानावर पडला, तेव्हा कुठे संशय आला की एवढं सामर्थ्य या लेखकात नाही.

मुलगी आली, तिने छत बघितलं, मला बघितलं.

"बाबा, एक तर वर कोणाला तरी राहायला आणा, नाहीतर घर विकून टाकू आणि तुम्ही माझ्याकडे या. उन्हाळ्यापर्यंत वाट बघते. नंतर तुमचं ऐकायची नाही."

तिच्याकडे जायला माझी ना नाही. मुलगी गुणी आहे, जावई तर तिच्याहून गुणी. पण तिचं घर एका उंच इमारतीत, आणि माझ्या पुस्तकांसाठी तिने काढून ठेवलेली जागा म्हणजे चपलांच्या कपाटाचा वरचा खण. "निवडक तेवढी आणा," असं म्हणाली. निवडक! ज्याला निवडता येतं त्याच्याकडे इतकी पुस्तकं साठतील तरी कशाला? त्या खणाचं चित्र डोळ्यांसमोर आलं आणि मी आयुष्यात पहिल्यांदा घरमालक व्हायचं ठरवलं.

सल्ला घ्यायला फार लांब जावं लागलं नाही. शेजारी वकीलसाहेब राहतात. ते वकील नव्हेत. औषधाच्या कंपनीत हिशेबनीस होते. पण मागच्या कुंपणावरून त्यांनी इतकी वर्षं दावा चालवला, की मधल्या काळात कुंपण पडलं, पलीकडचा माणूस घर सोडून गेला, आणि दावा तेवढा धडधाकट राहिला. त्यातून त्यांना हे नाव पडलं आणि त्यांनी ते लावून घेतलं.

"पंडित," वकीलसाहेब म्हणाले (मला ते पंडित म्हणतात, त्यात आदर किती हे मी कधी तपासलेलं नाही), "भाडेकरूशी तुम्ही पहिलं वाक्य काय बोलता, त्यावर सगळं असतं."

"काय बोलू?"

"'घर माझं आहे, हे विसरायचं नाही.' बस्स. हसायचं नाही. चहा विचारायचा नाही. चहा दिला की खुर्ची आली. खुर्ची आली की गप्पा आल्या. आणि गप्पा आल्या की घर गेलं."

"एकदम जाईल?"

"एकदम नाही जात. खोलीखोलीने जातं."

मी आरशासमोर सराव केला. कपाळाला आठी घालून "घर माझं आहे" म्हणून पाहिलं. आरशातला माणूस दाढदुखीने बेजार झाल्यासारखा दिसत होता. शिवाय तो मला भाडेकरू समजत असावा, कारण नजर आधी मीच खाली घातली.

सुरुवातीला आलेल्यांशी मला जमलं नाही. एक जोडपं आलं, त्यांनी खालची खोली बघून "हे गोदाम तुम्ही रिकामं करणार ना?" असं विचारलं. एक गृहस्थ आले ते माझ्याच खुर्चीत बसले आणि त्यांनी मला विचारायला सुरुवात केली. नोकरी काय करत होतात, घरी कोण कोण असतं, रेडिओ मोठ्याने लावता का. मी सगळ्याची खरी उत्तरं दिली. शेवटी ते "कळवतो" म्हणून निघून गेले. त्यांनी कळवलं नाही. मी त्यांना पसंत पडलो नसेन.

मग मेट्रनबाई आल्या. मोठ्या रुग्णालयातल्या सगळ्या परिचारिकांच्या वर त्या होत्या, आणि नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. सगळं जग त्यांना मेट्रनबाई म्हणत होतं, म्हणून मीही तेच म्हणालो. वर गेल्या आणि त्यांनी खिडकीच्या कडेवरून एक बोट फिरवलं.

"झाडता का?"

"झाडतो की."

"मग ते दिसलं असतं," असं म्हणून त्यांनी बोट रुमालाला पुसलं.

तरी त्यांना जागा आवडली. खिडक्या मोठ्या होत्या, वारा होता. आता वाक्य बोलायची वेळ आली. मी आठी घातली. 'घर माझं आहे' हे मनात म्हणून घेतलं. त्या वळून माझ्याकडे बघू लागल्या. मी तोंड उघडलं आणि आतून जे आलं ते असं:

"घर… आपलंच समजा."

या 'आपलं'बद्दल चार ओळी लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. आपलं म्हणजे माझं. आपलं म्हणजे तुमचं, आदराने. आपलं म्हणजे तुमचं नि माझं मिळून. आणि आपलं म्हणजे काहीच नाही, 'आपलं सहज आलो होतो' मधल्यासारखं. असा शब्द जागेच्या व्यवहारात वापरू नये, हे मी दुसऱ्या कुणाच्याही मजकुरात तांबड्या शाईने लिहून दिलं असतं.

मेट्रनबाईंनी हातातली पिशवी जमिनीवर ठेवली. मग म्हणाल्या, "बरं. समजते."

या वाक्यावर लोक "हो, हो" म्हणतात. काही जण नुसते हसतात. "समजते" असं उत्तर दिलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. घाबरून मी चहा केला. खुर्चीही दिली.

आता जिन्याबद्दल सांगायला हवं. वर जायला दोन वाटा आहेत. एक मागच्या अंगणातून बाहेरचा जिना, तो भाडेकरूचा. दुसरा माझ्या बैठकीच्या खोलीतून आतला जिना. या आतल्या जिन्याच्या पायथ्याशी दार आहे, पण कडी जिन्याच्या बाजूने. पूर्वी वर आमची निजायची खोली होती, तेव्हा पाहुण्यांना खाली अडवायची गरज वरच्यांना होती. म्हणजे हे दार लावायचं की नाही, हे आता मेट्रनबाईंच्या हातात होतं. त्यांनी ते लावलं नाही. मी एकदा चाचरत विषय काढला.

"ते दार… वारा वगैरे…"

"वारा हवाच," त्या म्हणाल्या. "आणि घरातल्या घरात दार कशाला?"

पहिल्या आठवड्यात त्यांनी घरातले सगळे नळ दुरुस्त करून घेतले, माझेसुद्धा. मी खूश होतो. मग बाहेरच्या कठड्याला रंग दिला. रंग पांढरा, किंचित निळसर, रुग्णालयात असतो तसा. विचारलं नव्हतं, पण कठडा खरोखर चांगला दिसत होता, तेव्हा मी "छान" म्हणालो. मग माझ्या खोलीचे पडदे गेले, धुवायला म्हणून, आणि परत आले ते दुसरेच. मी "छान" म्हणालो. मग सकाळची फेरी सुरू झाली. मी डोळे उघडायच्या आत त्या जिन्याने खाली येत, हात पाठीमागे बांधून खोलीतून फिरत, खिडक्या उघडत आणि विचारत, "झोप लागली? पोट साफ?"

पोटाबद्दल मी माझ्या सख्ख्या भावाशीही कधी बोललेलो नाही.

"छान," मी म्हणालो.

वकीलसाहेब कुंपण जिथे होतं तिथे उभे राहून हे सगळं बघत होते. "कठडा गेला," ते म्हणायचे. "पडदे गेले. पंडित, मोजताय ना?"

आणि एके दिवशी मी बँकेतून परत आलो तर पुस्तकं गेली होती. म्हणजे होती घरातच, पण माझी राहिली नव्हती. माझी पुस्तकं विषयाप्रमाणे लावलेली नव्हती, अक्षराप्रमाणेही नव्हती. ज्या क्रमाने ती आयुष्यात आली त्या क्रमाने होती. एखादं पुस्तक हवं असलं की मी ते कोणत्या काळात घेतलं, तेव्हा काय चाललं होतं हे आठवत आठवत हात नेत असे. मेट्रनबाईंनी त्यांचे वॉर्ड केले होते. नुसती धूळ बसलेली ती सर्वसाधारण वॉर्डात. वाळवीचा संशय असलेली वेगळी, कोपऱ्यात, कुणाला स्पर्श होणार नाही अशी. पानं सुटलेली आडवी निजवलेली. खिडकीजवळ, उन्हात, जुनी आणि पिवळी पडलेली, त्यांना हवा मिळावी म्हणून.

"कसं वाटतंय?" बाह्या वर केलेल्या मेट्रनबाईंनी विचारलं. कपाळावर घाम होता. दिवसभर राबल्या होत्या बिचाऱ्या.

"छान," मी म्हणालो आणि वाचायला बसलो. थोड्या वेळाने मला एक शब्द अडला. "बाई… तो मोठा शब्दकोश…"

"हाडांच्या वॉर्डात. पाठ मोडलीय त्याची."

त्या दिवशी मी वकीलसाहेबांकडे स्वतःहून गेलो.

"मीटर," ते म्हणाले. "विजेचं वेगळं मीटर घ्या वरच्या मजल्याला. मीटर वेगळं म्हणजे घर वेगळं. कोर्टात माणूस काय बोलतो ते कुणी ऐकत नाही हो, मीटर काय म्हणतं ते बघतात."

बोलण्याऐवजी मीटर बोलणार असेल तर मला हवंच होतं. मी विजेच्या कार्यालयात गेलो. दारावर मोठी पाटी होती: 'विज ग्राहक सुविधा केंद्र'. वि ऱ्हस्व. मी पाटीखालून आत जायचा प्रयत्न केला, पण पाय उचलेना. काही माणसांना मांजर आडवं गेलं की होतं तसं मला ऱ्हस्व-दीर्घाचं होतं. रांगेत माझी पाळी आली तेव्हा मीटरचं सांगायच्या ऐवजी मी खिडकीतल्या गृहस्थांना म्हणालो, "पाटीवर वी दीर्घ हवी."

"काय हवंय?"

"वी. दीर्घ. वीज."

"वीज नाहीये का तुमच्याकडे?"

"आहे. पाटीवर नाहीये."

त्यांनी माझ्याकडे फार वेळ बघितलं. "पाटीचं इथे होत नाही. पाटीची लेखी तक्रार वरच्या मजल्यावर. पुढचे या."

मी पुन्हा रांगेच्या शेवटी उभा राहिलो. दुसऱ्या खेपेला मीटरचं सांगितलं. गृहस्थांना मी चांगला लक्षात होतो. "एक घर, एक मीटर," ते म्हणाले. "दोन मीटर हवीत तर दोन घरं दाखवा. मध्ये दोन्हीकडून बंद होणारं दार पाहिजे. साहेब येऊन बघतील."

"कधी?"

"येतील तेव्हा. साहेबांना दीर्घ वेळ लागतो."

(पाटीची दुरुस्ती मात्र झाली. पुढे एकदा तिथून जाताना बघितलं. 'वीज' झालं होतं. शेजारी 'ग्रहाक' झालं होतं. मी तोंड फिरवून गेलो.)

दोन्हीकडून बंद होणारं दार. म्हणजे माझ्या बाजूला एक कडी. एवढंच तर मला पहिल्यापासून हवं होतं, आणि आता मागे सरकारी नियमही उभा होता. मेट्रनबाई बाजारात गेलेल्या बघून मी सुताराला बोलावलं. त्याने पिशवीतून नवी कडी काढली, माप घेतलं, आणि तेवढ्यात बाजारातून मेट्रनबाई परत आल्या.

"काय चाललंय?"

मी माझ्या चपलांकडे बघितलं. सुतार म्हणाला, "दाराचं काम आहे बाई."

"बरं झालं. किती करकरतं ते. खाली घासतंयही. नुसती कडी काय ठोकताय? काढून न्या आणि रंधा मारून आणा."

सुताराने माझ्याकडे बघितलं. कामाचा माणूस, मालकाला विचारल्याशिवाय कसं नेणार? "नेऊ का हो?"

आता इथे नुसतं "नको" म्हणायचं होतं. दोन अक्षरांचा शब्द. जोडाक्षरसुद्धा नाही.

"न्या आपलं," मी म्हणालो.

दार गेलं. सुतारही गेला, म्हणजे त्याला शाळेच्या बाकांचं मोठं काम मिळालं आणि आमचं दार त्याच्या दुकानात भिंतीला टेकून राहिलं. पूर्वी न लावलेलं दार तरी होतं. आता मेट्रनबाई वरून शिंकल्या तरी माझ्या हातातलं पान हलायचं.

वकीलसाहेबांनी कुंपणाच्या जागेवरून हे बघितलं आणि मला न सांगता थेट माझ्या मुलीला फोन केला. काय सांगितलं ते तिने मला ऐकवलं: "तुमचे वडील स्वतःच्या घरात पोटभाडेकरू झालेत."

ती रजा टाकून आली. पुढचं दार मेट्रनबाईंनी उघडलं.

"चपला बाहेर. नळ डावीकडे आहे, हात धुऊन या."

माझी मुलगी एका कार्यालयात पन्नास माणसांवर हुकूम चालवते. ती मुकाट्याने हात धुऊन आली. पण आल्यावर मला कोपऱ्यात घेऊन जे बोलली ते मऊ नव्हतं.

"बाबा, मी तुम्हाला सोबत म्हणून कोणीतरी आणा म्हटलं होतं. तुम्हाला घरातून काढणारं नाही. तुम्हाला हे जमणार नाही, हे मला आधीच कळायला हवं होतं. संध्याकाळी एक जण घर बघायला येतोय. किंमत बरी देतोय. त्या बाईंशी मी बोलते."

मी तिला थोडं थांब म्हणणार होतो. तेवढ्यात दारात विजेचे साहेब उभे राहिले. दीर्घ वेळ नेमका त्याच सकाळी संपला होता. त्यांनाही हात धुवावे लागले. ओले हात झटकत त्यांनी मीटर बघितलं, वायरी बघितल्या आणि कागद काढला.

"घर कुणाचं?"

"आपलं," मी म्हणालो.

"आपलं," जिन्यावरून मेट्रनबाई म्हणाल्या.

साहेबांनी एकदा खाली आणि एकदा वर बघितलं. "माझं नाही ना? मग झालं. मधलं दार कुठे आहे?"

"रंधा मारायला गेलंय."

"दार?"

"येईल."

साहेबांनी लिहायला सुरुवात केली. "एक घर, एक कुटुंब. वेगळं मीटर देता येत नाही."

"त्या कुटुंब नाहीत हो!" मी म्हणालो, म्हणजे म्हणायला गेलो.

"आजोबा," साहेब पेन बंद करत म्हणाले, "मी रोज इतक्या घरांत जातो. हात धुवायला लावणारी बाई भाडेकरू नसते."

साहेब गेले. मेट्रनबाई खाली आल्या आणि शेवटच्या पायरीवर थांबल्या.

"वेगळं मीटर कशाला हवं होतं?"

"मी सांगते," मुलगी पुढे झाली. "बाबांना बोलता येत नाही म्हणून हे सगळं झालंय. तुमचा दोष नाही. पण आम्ही हे घर विकतोय. तुम्हाला दुसरीकडे जागा बघावी लागेल."

मेट्रनबाईंनी तिच्याकडे बघितलंच नाही. मला विचारलं, "म्हणजे दार तुम्हाला हवं होतं?"

"हो."

"पडदे?"

"…जुने बरे होते."

"पुस्तकं लावली ती?"

मी मान हलवली. नाही अशी.

"खिडक्या?"

"खिडक्या चालतील."

"मग इतके दिवस छान, छान म्हणत होता ते काय होतं?"

"ती आपली बोलायची पद्धत."

त्या पायरीवर बसल्या. बाई बसलेल्या मी पहिल्या दिवसानंतर बघितल्याच नव्हत्या. "मी नोकरीभर क्वार्टरमध्ये राहिले," त्या म्हणाल्या. "भिंतीला खिळा मारायचा तर अर्ज द्यायचा. सोडताना खिळ्याची भोकं बुजवून द्यायची, नाहीतर पगारातून कापतात. रंग कोणता ते ते ठरवणार. आणि तुम्ही पहिल्याच दिवशी म्हणालात, घर आपलंच समजा. मला वाटलं, हा माणूस इतका कमी बोलतो. एवढं मोठं वाक्य उगाच कशाला बोलेल?"

हजारो पानं मी डोळ्यांखालून घातली. प्रत्येक शब्दाला विचारलं, बाबा, तू इथे का आहेस? लेखक चिडायचे, पण मी एकही शब्द नुसता सवयीने पुढे सोडला नाही. आणि माझं स्वतःचं एक वाक्य न वाचता छापून गेलं होतं, आणि एका बाईने ते खरं मानून त्याप्रमाणे कठडे रंगवले होते. शिष्टाचाराच्या वाक्यांचं असंच असतं का? आपण ती नाण्यासारखी पुढे सरकवतो, आणि कुठेतरी कुणीतरी ती खरी म्हणून जपून ठेवतं.

"उद्यापासून बघते जागा," मेट्रनबाई उठल्या. "खिळे मी काढून देईन."

आता त्या वर गेल्या असत्या. संध्याकाळी तो माणूस आला असता, मी त्याला चहा दिला असता, "छान" म्हणालो असतो, आणि महिन्याभरात चपलांच्या कपाटाच्या खणासमोर उभा राहिलो असतो. हे मला इतकं स्पष्ट दिसलं की माझी मलाच भीती वाटली.

"बसा," मी म्हणालो.

मुलीने मागे वळून बघितलं, कोण आलं म्हणून.

"बसा बाई. वाक्य चुकलंय ते माझं. पण चुकलेलं वाक्य काढून टाकायचं नसतं, दुरुस्त करायचं असतं." मी खुर्चीची पाठ धरली. "घर माझं आहे."

निघालं एकदाचं. आठी घालायची राहिलीच, पण निघालं.

"वरचा मजला तुमचा. तिथे खिळे मारा, हवा तो रंग द्या, भिंत पाडा… भिंत नका पाडू. पण खिळ्यासाठी मला कधी विचारू नका. खाली मी राहतो. खाली यायचं तर दार वाजवून. माझ्या पोटाची चौकशी करायची नाही. पुस्तकांना हात लावायचा नाही."

"पाठ मोडलेल्यांनाही?"

मी अडखळलो. "ती… तुम्हाला बांधता येतात?"

"माणसांच्या बांधल्यात."

"मग एक एक न्यायची. मला विचारून."

"आणि जिना?" मेट्रनबाईंनी विचारलं. त्या आता बदलीचा हुकूम ऐकावा तशा ताठ बसल्या होत्या.

"जिना आपला."

"कुठला आपला? नीट सांगा. एकदा फसलेय मी."

"तुमचा नि माझा मिळून."

"मग झाडायचा कुणी?"

"मी झाडीन."

"तुमचं झाडणं बघितलंय मी," त्या म्हणाल्या. जरा विचार केला. "एक दिवसाआड. माझा दिवस माझा."

"कबूल."

मुलगी फोन घेऊन अंगणात गेली. बऱ्याच वेळाने परत आली. "संध्याकाळच्या माणसाला नको म्हणून सांगितलं. तूर्तास." तो 'तूर्तास' मला लागला, पण खोडायचा अधिकार माझा नव्हता. जाताना ती दारात थांबली. "बाबा, तुम्ही चक्क ओरडलात."

"ओरडलो?"

"तुमच्या मानाने."

वकीलसाहेबांना मी सगळं सांगितलं. ते निराश झाले. "तोंडी? पंडित, निदान साक्षीदार तरी ठेवायचा." मीटर अजून एकच आहे. वरचे-खालचे दिवे मिळून चालतात.

सुताराने दार आणलं त्या दिवशी दोन्ही बाजूंना कड्या बसवल्या. दार आता करकरत नाही. रंधा जरा जास्तच बसलाय, खालून बोटभर फट राहिली आहे आणि वरचा उजेड माझ्या फरशीवर येतो. संध्याकाळी मी माझी कडी लावली. पाठोपाठ पलीकडची लागल्याचा आवाज आला. मग मी माझ्या खुर्चीत बसलो, पुस्तक उघडलं. हवी होती ती शांतता आली होती. मी तेच पान पुन्हा पुन्हा वाचत राहिलो.

काही वेळाने पायऱ्यांवर पावलं वाजली, खाली आली आणि फटीतला उजेड दोन ठिकाणी अडला. मग टकटक.

"कोण आहे?" मी विचारलं.

जिन्यावर दुसरं कोण असणार होतं? पण या घरात इतकी वर्षं राहून हे दोन शब्द मी कधी म्हटले नव्हते.

"मी," पलीकडून उत्तर आलं.

सगळे असंच सांगतात. याहून कमी माहिती देणारं उत्तर भाषेत नसेल. छापील मजकुरात असतं तर मी समासात प्रश्नचिन्ह काढलं असतं. मी उठलो. कडी नवी होती, घट्ट होती, माझ्या बोटांना चटकन सरकेना. दाराच्या पलीकडे मेट्रनबाई थांबल्या होत्या.